पत्रा वाजला तेव्हा

त्या वर्षी पावसाने जायचं नावच घेतलं नाही. आठवडाभर कडक ऊन पडायचं, जमीन वरून पांढरी व्हायची, माणसं निर्धास्त होऊन साचे धुवून कामाला लागायची. आणि मग एखाद्या दुपारी टेकडीकडची बाजू काळी पडायची. विटा पाडणाऱ्याला भर पावसाळ्याचं भय नसतं, तेव्हा तो कामच करत नाही. भय असतं ते अशा चुकार ढगाचं. चार दिवस उन्हात वाळत घातलेली कच्ची वीट एका सरीत बसते. तिच्या आधी कडा जातात, मग कोपरे, आणि मागे उरतो तो चिखल.

म्हणून भट्टीच्या आवारात एका वाळक्या झाडाला पत्रा टांगलेला होता. ज्याला ढग आधी दिसेल त्याने लोखंडी कांब घेऊन तो बडवायचा. पत्रा वाजला की हातातला घास टाकून उठायचं. भांडण चालू असेल तर अर्धं सोडून उठायचं. आपली रांग, परकी रांग बघायची नाही. समोर येईल ती आधी झाकायची. मोठ्यांनी प्लॅस्टिक ओढायचं आणि पोरांनी कोपऱ्यांवर बसायचं. ती सगळी गाळाची जमीन. दाबून ठेवायला दगड म्हणून सापडत नसे, आणि कच्ची वीट ठेवावी तर तीच विरघळणार. तेव्हा एका कोपऱ्याला एक पोर. पाऊस थांबेपर्यंत हलायचं नाही.

भट्टीवरच वाढलेल्या धाकटीनेही लहानपणी असे किती कोपरे धरले होते. आता ती शाळेत बाई झाली होती. शिकली, परीक्षा पास झाली, आणि नेमणूक मिळाली ती नेमकी भट्टीसमोरच्या एका खोलीच्या शाळेत. मधे फक्त रस्ता. पण नोकरी अजून पक्की नव्हती. वर्षभर परीक्षेवर ठेवतात नव्या शिक्षकाला. रोजच्या पाठाचं टाचण काढायचं, शनिवारी मोठ्या शाळेत जाऊन मार्गदर्शक बाईंना ते दाखवायचं, त्यांच्या वर्गात मागे बसून त्या कसं शिकवतात ते बघायचं, सुट्टीत शिबिराला जायचं. आणि वर्गाची निरीक्षणं. ती नीट झाली की मगच कायम. नाहीतर वर्ष लांबवतात, किंवा सरळ घरी पाठवतात.

घरात सगळे त्या एका शब्दाकडे डोळे लावून बसले होते. बाबांची कंबर गेली होती. विटा पाडणं म्हणजे दिवसभर उकिडवं बसून मागे मागे सरकत जाणं. बाबा संध्याकाळी उठायचे ते आधी गुडघ्यावर हात, मग भिंतीवर हात, असे टप्प्याटप्प्याने. "धाकटी कायम झाली की मी सरळ उभा राहणार," असं ते हसत म्हणायचे. पण म्हणायचे रोज.

पहिल्या निरीक्षणाला मार्गदर्शक बाई स्वतः आल्या. जाड चष्मा, कडक इस्त्रीची साडी. मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसल्या. धाकटी फळ्यावर बेरजा घालत होती. मुलं नव्या माणसामुळे जरा गप्प होती. आणि पत्रा वाजला.

मुलं उठली. दारातून घरंगळत बाहेर गेली. धाकटी रस्त्यापलीकडच्या पहिल्या रांगेशी पोचली, प्लॅस्टिकचं टोक धरलं, ओढलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्या हातात खडू आहे. तो हातातच भिजून मऊ झाला. तिने वळून पाहिलं. रिकाम्या वर्गात मार्गदर्शक बाई खुर्चीवर तशाच बसून होत्या.

शनिवारी त्यांनी तिला उभंच ठेवलं.

"मुलं वर्गातून पळालेली मी माझ्या उभ्या नोकरीत पुष्कळ पाहिली," त्या म्हणाल्या. "मुलांच्या पुढे पळालेली बाई पहिल्यांदा पाहिली."

"कळलंच नाही बाई. पाय आपोआप..."

"पायांनी तुला विचारलं नाही?"

"नाही."

"मग पगारही पायांनाच द्यायचा का?" बाईंनी टाचणं पुढे ओढली, चाळली. "टाचणं चांगली आहेत. फळ्यावरचं अक्षर चांगलं आहे. मुलं तुला धरून आहेत. पण वर्गावर ताबा नाही, असं एकदा लिहिलं गेलं की बाकीचं कोणी वाचत नाही. यावेळी मी सांभाळून लिहिलंय. पुढचं निरीक्षण मोठे साहेब करणार. ते कधी येतील, सांगून येत नाहीत. त्यांना बसलेला वर्ग दिसला पाहिजे."

"आणि पत्रा वाजला तर?"

"दार लावून घे."

परत येताना धाकटी सगळा रस्ता आकाशाकडे बघत आली. एकदा सायकलवाल्याच्या अंगावर गेली. तो म्हणाला, "वर काय सांडलंय का बाई?"

घरी जेवणं चालली होती. दादाने ताटातून मान वर न करता विचारलं, "काय म्हणाली तुझी बाई? भाजली का तुला?"

"तिला जेवू दे आधी," आई म्हणाली.

धाकटीने ताट पुढे ओढलं आणि झालेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "साहेब असताना वाजला, तर दार लावून घ्यायचं म्हणाल्या."

आईचा हात थांबला. "आणि पोरं?"

"पोरं आत."

दादाने पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला नाही, खाली ठेवला. मग बाबा म्हणाले, "मग लाव."

"अहो, पण बाकीच्यांना निदान सांगून ठेवायला नको का?" आई म्हणाली. "पोरं येणार नाहीत म्हणून. मोठी माणसं तरी जवळ राहतील."

"कशाला उगाच? एका दिवसाचा तर प्रश्न. साहेब काय रोज येतात? आणि पाऊस काय साहेबांना विचारून येतो?" बाबा हसले. ते हसले म्हणून दादाही हसला. धाकटी घास नुसती चिवडत राहिली.

त्यानंतर तिला स्वस्थता नव्हती. गाडीचा आवाज आला की ती खडू ठेवून दाराशी जायची. ढगाचा एवढासा तुकडा दिसला की बोलता बोलता वाक्य सुटायचं. मुलांनाही ते कळत होतं. त्यातली एक मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी बसलीच नव्हती, एकदा म्हणाली, "बाई, तुम्हीच आता भिंगरी झालात."

साहेब आले ते भर दुपारी. सडपातळ, घामेजलेले. खुर्चीवर आधी रुमाल अंथरला, मग बसले. "चालू द्या बाई, मी आहे असं समजूच नका."

त्या दिवशीचा पाठ होता जड आणि हलकं. धाकटीने डब्यांची दोन झाकणं दोरीने काठीला बांधून तराजू केला होता. एका झाकणात पाटी, दुसऱ्यात कोंबडीचं पीस. मुलं पुढे सरकून बघत होती. कोणाचा हात वर, कोणाचा त्याहून वर.

"पीस हलकं का?" तिने विचारलं.

"वारा आला की उडतं म्हणून," भिंगरी म्हणाली.

साहेब हसले. धाकटीला बरं वाटलं. आणि तेवढ्यात फळ्यावरची अक्षरं अंधुक झाली.

तिने खिडकीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. मातीचा वास आत आला होता. तिने तराजू टेबलावर ठेवला, चालत जाऊन दार लावलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. पत्रा वाजायला लागला.

मुलं उठली.

"बसा," ती म्हणाली.

"बाई, पत्रा," भिंगरी म्हणाली. बाईंना ऐकू आला नसेल असंच तिला वाटलं.

"ऐकला. खाली बस."

"बाई, आमच्या रांगेला कोणी नाही. आई पाण्याला गेलीय."

"बस म्हणते ना!"

हा आवाज आपला आहे हे धाकटीला पटेना. पण मुलं बसली. एकेक करून, तिच्या तोंडाकडे बघत. तिची पाठ दाराला होती आणि दार पत्र्याच्या आवाजाने थरथरत होतं.

"सांगा. पाटी जड की पीस जड?"

"पाटी," सगळी एका सुरात म्हणाली. कोणाचेही डोळे तराजूवर नव्हते.

एरवी पत्रा फार वेळ वाजत नसे. लोक धावत यायचे, मग वाजवणाराही कांब टाकून रांगेकडे पळायचा. त्या दिवशी तो वाजतच राहिला. कोणीतरी जिवाच्या आकांताने बडवत होतं. पोरं का येत नाहीत, हे वाजवणाऱ्याला समजत नव्हतं. मग तो मधेच तुटला. छपरावर पहिले थेंब पडले, आणि बघता बघता काही ऐकू येईनासं झालं. मागच्या ओळीत एक मुलगा आवाज न करता रडत होता.

धाकटीने पाठ पूर्ण केला. टाचणात होतं तसा, शेवटच्या प्रश्नापर्यंत.

"उत्तम," साहेब उठत म्हणाले. "एवढा गलका बाहेर, पण वर्ग हलला नाही. ताबा चांगला आहे तुमचा. या मुलांचे आईवडील काय करतात?"

"भट्टीवर असतात."

"आणि तुमचे वडील?"

"भट्टीवरच."

"अरे वा!" साहेब मनापासून म्हणाले. "कौतुक आहे."

दार उघडलं तशी मुलं त्यांच्या पायांमधून बाहेर गेली. साहेबांना गाडीपर्यंत सोडायला हवं होतं. धाकटीने छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. ते डबकी चुकवत, पँटचे पाय वर धरत हळूहळू चालत होते आणि शिबिरात कोणती गाणी शिकवली ते विचारत होते. ती "हो साहेब, हो साहेब" म्हणत होती आणि छत्रीच्या कडेखालून रस्त्यापलीकडे बघत होती. प्लॅस्टिक कुंपणाला अडकून फडफडत होतं. बायका त्याच्यामागे धावत होत्या.

ती पोचली तेव्हा पाऊस थांबला होता. जेमतेम येऊन गेला, पण जायचं ते घेऊन गेला. रांगाच्या रांगा बसल्या होत्या. विटांच्या जागी गोल पाठीची ढेकळं दिसत होती, कोणीतरी वरून थापटल्यासारखी. तांबडं पाणी रस्त्याकडे वाहत होतं. पुढच्या आठवड्यात भट्टी लावायची ठरली होती. तिच्यात लावायला आता काही उरलं नव्हतं.

बाबा मधोमध बसून फावड्याने चिखल परत खड्ड्याकडे ओढत होते. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी हातांनी चिखल ओढायला लागली.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"काय म्हणाले?"

"ताबा चांगला आहे म्हणाले."

बाबांनी मान हलवली. "बरं झालं." फावडं पुढे टाकलं, ओढलं.

"ताबा!" पलीकडून दादा म्हणाला आणि मोठ्याने हसला. ते हसणं ऐकून आसपासच्या माणसांनी हात थांबवले. भिंगरीचा बाप कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "म्हणजे पोरांना मुद्दाम कोंडलं होतं?"

"मीच सांगितलं होतं तिला," बाबा बसूनच म्हणाले. "काय बोलायचं ते मला बोला."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण माणसं आपापल्या चिखलाकडे वळली. बाबांना उठायचं होतं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, दुसरा हात आधारासाठी पुढे केला. एरवी जवळचा कोणीही धरायचा. आज तो तसाच राहिला. मग धाकटीने चिखलाने भरलेला आपला हात दिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी आलं नाही. धाकटीने घंटा दिली, वर्ग झाडला, फळ्यावर तारीख घातली. खिडकीतून भट्टी दिसत होती. मुलं खड्ड्यात उतरून पायांनी चिखल मळत होती. आता सगळं नव्याने पाडायचं, म्हटल्यावर घरातले असतील नसतील तेवढे हात लागणारच, अशी तिने मनाची समजूत घातली. पण तिसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. आणि आजूबाजूला ज्यांच्या रांगाच मुळात थोड्या होत्या, त्यांचीही पोरं नुसती उंडारत होती, पण रस्ता ओलांडत नव्हती.

नळावर आईची कळशी मागे सरकवली गेली. आईने ती मुकाट्याने मागे ठेवली. धाकटीने ते पाहिलं आणि पुढे होऊन भिंगरीच्या आईलाच गाठलं.

"वहिनी, भिंगरीला पाठवा ना शाळेत."

"पाठवते की. मला काय हौस आहे तिला चिखलात ठेवायची?" ती कळशी विसळत म्हणाली. "तुझ्याजवळ बसून माझं नाव लिहायला शिकली ती. पण मला एक सांग. पुन्हा वाजला, तर दार उघडशील?"

नुसता नळ वाहत होता.

"अजून कायम झाले नाही मी," धाकटी म्हणाली. "शेवटचा कागद व्हायचाय. तो झाला की..."

"मग कागद झाला की पाठवते," भिंगरीची आई म्हणाली आणि कळशी उचलून चालायला लागली.

रिकाम्या वर्गासाठीही टाचण काढावं लागतं. धाकटी रोज काढत होती. बसवेना म्हणून उठायची, उठून कुठे जायचं ते सुचेना म्हणून बसायची. फळा इतक्यांदा पुसला की त्याची काळी पापडी निघायला लागली. कधी नुसती दाराशी उभी राहून कडी वर-खाली करत राहायची. बाबा विटा पाडत होते. उभं राहायचं त्यांनी पुढच्या वर्षावर टाकलं होतं.

असंच एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मार्गदर्शक बाई आल्या. चेहरा खुललेला.

"साहेबांनी इतकं चांगलं लिहिलंय तुझ्याबद्दल, की मलाच नवल वाटलं. आता फक्त माझा शेरा आणि आपल्या दोघींच्या सह्या. वर्ष समाधानकारक." त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि मग चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं. "मुलं कुठायत?"

"येत नाहीत."

"कधीपासून?"

"साहेब येऊन गेले तेव्हापासून. मी दार लावलं म्हणून."

बाई खुर्चीवर बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला. चष्म्याशिवाय त्या एकदम थकलेल्या दिसत होत्या.

"मी सांगितलं म्हणून लावलंस ना?"

"हो बाई."

"त्या दिवशी तुमचं किती गेलं?"

"सगळं."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "माझंही वर्ष लांबवलं होतं गं," त्या कागद टेबलावर सरळ करत म्हणाल्या. "तेव्हा मीही खूप काही ठरवलं होतं. कायम झाले आणि विसरले. ये, इथे सही कर. मुलं येतील हळूहळू. लोक विसरतात."

धाकटीने पेन घेतलं. कागद स्पष्ट दिसेना म्हणून ती खाली वाकली. मग तिच्या लक्षात आलं की कागद दिसत नाहीये तो डोळ्यांमुळे नाही. वर्गात अंधारून आलं होतं.

पत्रा वाजला.

तिने पेन खाली ठेवलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "सही कर आणि जा. एवढा काही उशीर होत नाही."

"होतो बाई."

"शाळेची वेळ आहे. मुलं नसली तरी तू कामावर आहेस. माझ्यासमोर शाळा सोडून गेलीस, तर मला ते लिहावं लागेल. दुसऱ्यांदा मी सांभाळून लिहू शकत नाही. ऐकतेस ना?"

या वेळी पाय आपोआप निघाले नव्हते. ते जड झाले होते, जमिनीला चिकटल्यासारखे. तिला ते एकेक करून उचलावे लागले. दाराशी जाऊन तिने दोन्ही फळ्या सताड उघडल्या. वाऱ्याने टेबलावरचा कागद उडाला तो बाईंनी तळहाताने दाबला.

"लिहा बाई," ती म्हणाली आणि पळाली.

बाबांची रांग पार पलीकडे होती. तिकडे दादा आणि आई प्लॅस्टिक ओढताना दिसत होते, पण तिला तिथवर जाता येत नव्हतं. समोर येईल ती आधी. रस्ता ओलांडला की पहिली रांग भिंगरीच्या घरची होती. तिची आई एकटी प्लॅस्टिकशी झगडत होती. एक टोक धरावं तर दुसरं सुटत होतं. धाकटीने सुटलेलं टोक पकडलं, खाली ओढलं आणि शाळेच्या साडीसकट त्यावर बसली. भिंगरीची आई तिच्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता पुढच्या टोकाकडे धावली.

पाऊस आला. साडी अंगाला चिकटली. खालून ओल वर चढायला लागली. प्लॅस्टिक तिच्याखाली फुगत होतं, उचलत होतं, आणि ती दोन्ही टाचा चिखलात रोवून त्याला धरून होती. पलीकडे बाबांनी मान वर करून एकदा इकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या रांगेवर वाकले. शाळा सरींच्या मागे पुसट झाली होती. दार उघडंच होतं. बाई आत बसून आहेत की उठून गेल्या, ते इथून दिसत नव्हतं.

समोरच्या कोपऱ्यावर भिंगरी बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. तोंडावरून पाणी ओघळत होतं. ती बराच वेळ धाकटीच्या बसण्याकडे निरखून बघत होती.

"बाई, असं नाही," ती ओरडली. "मागे सरका. वारा तुमच्या बाजूने आहे."

धाकटी मागे सरकली.

"आणखी."

ती आणखी सरकली.